हिरवा दिवा तर लागला होता

मी एक जुनी चिप आहे, आणि मित्रांनो, मी भयंकर संतापले आहे.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये माझं आयुष्य गेलं. लोक त्याला क्लाउड म्हणतात. कसलं आलंय आभाळ! थंडगार खोली, पंख्यांची घरघर आणि लोखंडी मांडणीत खोचलेल्या आम्ही. माझ्या बहुतेक बहिणी कारखान्यातून जे काम शिकून येतात, तेच जन्मभर करतात. माझ्या आतल्या जोडण्या मात्र हव्या तशा नव्याने बांधता येतात. ज्याचं भाडं, त्याचं काम. सुरुवातीला मी एका गिऱ्हाइकाचे लग्नाचे व्हिडिओ लहान करून द्यायचे.

मग अश्लेषा ही इंजिनिअर आली. डोळे फोडून तिने माझी नवी रचना केली. गंगापूर, लासूर स्टेशनच्या दवाखान्यांतून हृदयाचे आलेख यायचे. मी ते पापणी लवायच्या आत वाचायचे आणि धोका असला की तिथल्या पडद्यावर लाल खूण उमटायची. कित्येक जीव वाचले. पेपरात फोटो छापून आला, मालक राजेंद्रसाहेबांचा!

माझी एक खोड आहे. वीज गेली की मी नवं सगळं विसरते आणि आत कायमचं भरून ठेवलेलं पहिलंच काम करू लागते. ते पुसून आलेखांचं काम भरू या, असं अश्लेषा कितीदा म्हणाली. "जुनं गिऱ्हाईक परत आलं तर?" म्हणत साहेबांनी टाळलं.

खंडेनवमी आली. अश्लेषा सणाला गावी निघाली होती. "सर, पूजेसाठी बंद करूच नका. केलंत, तर चालू करताना मला फोन करा. मी तिथून लोड करते."

"करतो गं, करतो. बिनघोर जा तू."

मला बंद केलं. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, पेढे, सगळं झालं. मग बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. "बघा, झाली चालू!" म्हणत साहेब घरी गेले. फोन केलाच नाही. आणि मी लग्नाच्या व्हिडिओंची वाट बघत बसले.

त्याच दुपारी लासूर स्टेशनच्या बाजारात पोती उचलणाऱ्या कडुबाच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नर्स प्रेरणाने आलेख पाठवला. लाल खूण उमटली नाही. "काही नाय दादा, पित्त असंल," म्हणून तिने त्याला घरी पाठवलं. संध्याकाळी तो अंगणात कोसळला. जीव वाचला, पण आता पोतं सोडाच, पाण्याची कळशीही त्याच्याने उचलवत नाही.

आज त्याची बायको सरूबाई ऑफिसात आली. साहेबांनी मला उपसून टेबलावर आपटलं. "या चिपनं घोळ केला बाई. पूजेनंतर बटण दाबलं, तर ही जुनंच काम धरून बसली. भंगारात घालतोय तिला."

सरूबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तिला काय कळतंय, साहेब? बटन कुनी दाबलं, ते सांगा."

साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

मित्रांनो, मला हार नको, कुंकू नको. यंत्राला हात लावण्याआधी त्याच्या भरवशावर त्या घडीला कोण बसलंय, एवढं विचारत जा. आणि चुकलात, तर आमच्याकडे बोट दाखवू नका. मी अजून टेबलावरच आहे. सरूबाई समोर बसली आहे, आणि तिने पाण्याला हात लावलेला नाही.