चारी कोपऱ्यांतून दिसणारा मॉनिटर

विठ्ठलवाडीच्या विहारातल्या महिला मंडळाची त्या रविवारची तालीम भांडणात संपली. डावीकडच्या बायका दुसरं कडवं म्हणत होत्या, उजवीकडच्या तिसरं, आणि मधे बसलेल्या गयाबाई टाळी थांबवून दोन्हीकडे बघत होत्या.

गाणी गयाबाईंचीच. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज अजून खणखणीत. कारखान्यात पॅकिंगचं काम करता करता त्यांनी ती रचली होती, सगळी तोंडपाठ. बाकीच्यांना मात्र शब्द आठवत नसत. म्हणून त्यांची सून अंजना, जी नुकतीच बँकेतून रिटायर झाली होती, तिनं एकेक गाणं ऐकून लॅपटॉपवर टाईप केलं आणि विहाराला कुणीतरी दिलेला जुना मॉनिटर जोडून मोठ्या अक्षरांत समोर लावलं. मधे बसलं की छान दिसायचं. बाजूला सरकलं की अक्षरं पुसट व्हायची, आणि टोकाला बसलेल्यांना तर काहीच वाचता यायचं नाही.

"टीव्हीच घेऊ या ना मोठा," ढोलकी वाजवणारी माया म्हणाली.

"टीव्ही आणला तर संध्याकाळी पोरं क्रिकेट लावून बसतील," शेजारी बसलेली माधवी म्हणाली. "मग आपण गायचं कुठं?"

हे सगळ्यांना पटलं. बुद्धपौर्णिमेला अंबरनाथला कार्यक्रम होता, दिवस थोडे होते. दुसऱ्याच दिवशी अंजना, गयाबाई, माया आणि माधवी रिक्षा करून उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात गेल्या. मायानं सवयीनं ढोलकीही सोबत घेतली.

कॉम्प्युटरचं दुकान मुकेश नावाच्या सिंधी माणसाचं. गल्ल्यावर त्याची म्हातारी आई बसलेली. मुकेशनं आधी एक वाकडा मॉनिटर दाखवला, कडेनं आत वळलेला.

"मावशी, हा कर्व्ह. गेमिंगवाले हाच नेतात. एकदम लेटेस्ट."

गयाबाई समोर बसल्या, मग उठून बाजूला गेल्या. "हा एकट्यापुरता आहे. आम्ही आठ-नऊ जणी. दुसरा दाखव."

दुसरा चकचकीत काचेचा होता. त्यात गाण्याऐवजी दुकानाची ट्यूबलाइट आणि माधवीचं तोंड दिसलं. माधवीनं तेवढ्यात केस नीट करून घेतले. तिसरा स्वस्त होता, पण बाजूनं बघितल्यावर त्याची गत विहारातल्यासारखीच.

"साइडनं बघणार म्हणता? मग आयपीएस घ्या," मुकेश म्हणाला. "ह्याचं पॅनल वेगळं असतं. कुठूनही बघा, कलर फिरत नाही. आणि वर मॅट आहे, लाइट चमकणार नाही."

"बघूनच घेऊ," अंजना म्हणाली आणि तिनं पेन ड्राइव्ह पुढे केला.

मुकेशनं गाणं उघडलं. माधवी दाराशी जाऊन उभी राहिली, माया कीबोर्डच्या रॅकला टेकली, अंजना पार मागे.

"दिसतंय का गं?" गयाबाईंनी विचारलं.

"दिसतंय!"

"नुसतं दिसतंय म्हणून काय कळतं? म्हणा."

मायानं ढोलकीवर थाप दिली आणि तिघींनी तीन कोपऱ्यांतून सुरू केलं:

"माझ्या लेकीच्या पाटीवर अक्षर उमटलं गं,
दाराआडचं ऊन कसं घरात शिरलं गं."

एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. शेजारच्या दुकानातली माणसं दारात जमली. मुकेशच्या आईला शब्द किती कळले कोण जाणे, पण तिनं गल्ल्यावर बसल्या बसल्या टाळी धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. मॉनिटर ठरला.

आता प्रिंटर. लोकांना वाटायला गाण्याचे कागद हवे होते. माधवीला रंगीत हवं होतं. मुखपृष्ठावर निळं पिंपळपान तिच्या डोळ्यांसमोर होतं. मुकेशनं शाईच्या, इंक टँक प्रिंटरवर एक पान काढून दिलं. खरोखर सुंदर. गयाबाईंनी पान उलटायला सवयीनं बोट जिभेला लावलं, आणि पिंपळपानाचा निळा रंग बोटासोबत खाली ओघळला.

"अगं बाई! हे तर पान फुटलं!" त्या म्हणाल्या.

सगळ्या हसत सुटल्या. मुकेशही हसला. "कलरला हाच साहेब, पण पाण्याशी त्याचं जमत नाही. लेझर बघा. काळंच छापतो, पण हलणार नाही."

लेझरमधून पान सरसर बाहेर आलं. मुकेशनं ते गयाबाईंच्या हातात दिलं. खाली अंजनानं त्यांना न सांगता टाईप केलं होतं: 'रचना: गयाबाई'. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं. मग तो कागद गालाला लावला.

"गरम आहे गं."

"मशीन तापतं ना आजी, म्हणून," माया म्हणाली.

गयाबाईंची नजर कागदावरच होती. ओठ मात्र हलत होते. मग त्यांनी हळूच म्हटलं:

"अक्षर निघालं गरम गरम, तव्यावरची भाकर गं,
भूक माझ्या जन्माची, आज निवली खरोखर गं."

अंजनानं सासूचा हात धरला.

"हे पण घाल त्यात," गयाबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही दर तालमीला नवं कडवं घालता. प्रेसमधून छापून घेतलं असतं तर काय केलं असतं?"

"म्हणून तर प्रिंटर घरात पाहिजे," मुकेश म्हणाला. "आजी रोज बदलतील, तुम्ही रोज छापा."

रंगीत मिळणार नाही म्हणून माधवीचा चेहरा अजून पडलेलाच होता. मुकेशच्या आईनं ते बघितलं आणि खालच्या कप्प्यातून फिकट निळ्या कागदाचा गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला. "छापो काला, कागज नीला," म्हातारी म्हणाली. माधवीनं तिच्या गळ्यात हातच टाकले.

अंबरनाथच्या मंडपात मॉनिटर उंच टेबलावर ठेवला होता. बायका अर्धगोलात बसल्या आणि पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत एका आवाजात गायल्या. निळे कागद इतके झटपट संपले की मागच्या रांगेत ओढाओढ झाली. कार्यक्रम संपल्यावर बदलापूरच्या मंडळाच्या वेणूताई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या.

"आजी, आमच्या बायकांना ही गाणी शिकवायला याल का?"

"येईन की. पण बसायला सतरंजी मोठी घाला, आम्ही सगळ्याच येणार," गयाबाई म्हणाल्या आणि माधवीनं पुढे केलेला खिरीचा द्रोण त्यांनी आधी वेणूताईंच्या हातात दिला.