यातला बोलका कुठला?

लाँड्रीच्या मालकिणीला गिऱ्हाइकांनी कडकबाई असं नाव ठेवलं होतं, तेही पाठीमागे. बाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मान आणखी दोन बोटं वर केली. कांजी कॉलरला नीट बसली पाहिजे आणि माणसाच्या मानेलाही, असं त्यांचं मत. इस्त्रीच्या टेबलामागे उभं राहून त्यांनी सगळ्या पेठेच्या अब्रूच्या घड्या घातल्या होत्या. कोण आतून किती मळका हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे पेठेलाही ठाऊक होतं.

अशा बाईला घरात मात्र एका वाक्यासाठी तरसावं लागत होतं.

नवरा गाड्यांचा मिस्त्री. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. तरुणपणी ते डोंगररस्त्यांच्या शर्यतीत गाडी पळवायचे, आणि घरी आले की तोंड पळवायचे. कुठल्या वळणाला कोण पाण्यात गेला, कुणाचा ब्रेक तापला, कोण रडत परत आला, सगळं जेवता जेवता. ताटातलं गार व्हायचं आणि बाई ओरडायच्या, "आधी गिळा, मग पळा." मग काचबिंदू आला. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. आणि दिसणं गेलं त्याच्या पाठोपाठ बोलणंही गेलं. आता उस्ताद मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. हो. नको. ठेव तिथे. दिवसाला एवढाच शिधा.

बाईंनी भांडून पाहिलं. मुद्दाम जेवणात मीठ विसरून पाहिलं. मीठ थोडं कमी-जास्त झालं तर ताट सरकवणारा माणूस मुकाट जेवून उठला, तेव्हा मात्र बाई घाबरल्या.

शेडमध्ये उस्तादांची गाडी होती. दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकल्यासारखी बुटकी, गडद हिरवी. दुसरी जागा त्यांच्या वाटाड्याची, म्हणजे शेजारी बसून पुढचं वळण सांगणाऱ्या दोस्ताची. तो कधीच परगावी गेला. बाईंच्या वाट्याला त्या गाडीची धूळ तेवढी यायची. त्यांच्या अंगातली डांगरी भिजत घातली की पाण्याच्या रंगावरून त्या ओळखायच्या, आज लाल मातीतून गेले, आज नदीकाठानं. कितीदा ओठावर आलं होतं, एकदा मलाही न्या. पण मागायचं म्हणजे मान वाकवायची. ते बाईंना जमलं नाही आणि उस्तादांना ते सुचलं नाही.

एका दुपारी कोपऱ्यावर कुणाच्या तरी गाडीनं जोरात वळण घेतलं आणि टायर किंचाळला. बाई हिशोबानं शर्टांची चळत मोजत होत्या. आतून आवाज आला.

"ओरडला ना, तो चांगला टायर. सुटायच्या आधी सांगतो. हल्लीचे मुके. धरतात धरतात आणि एकदम सोडून देतात."

बाईंच्या हातातली चळत कलंडली. चार वाक्यं. एका दमात. त्या धावत आत गेल्या, पण तोवर तोंडाचं दार पुन्हा लागलेलं होतं; उस्ताद खिडकीकडे तोंड करून बसले होते, जसे काही बोललेच नव्हते.

त्याच संध्याकाळी बाईंनी मुलाला बोलावून सांगितलं, "गाडी रस्त्यावर आणायची. टायर बघायचे."

मुलगा गावातच, पण दुसऱ्या टोकाला राहायचा आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायचा. "आई, चालवणार कोण?"

"मी. कपड्यांची व्हॅन काय तुझा आजा चालवत होता?"

"आणि टायरला काय झालंय? खाचा तर नव्यासारख्या आहेत."

"तुझ्या सासऱ्याचे दातही नव्यासारखे आहेत," बाई म्हणाल्या. "चल उद्या."

टायरच्या दुकानात रबराचा वास इतका दाट होता की तो कापून पिशवीत भरता आला असता. छतापर्यंत टायरांचे मनोरे, आणि मधोमध दुकानदार, कपाळावर चष्मा चढवून. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. याची तर आठळ्याही विकल्या गेल्या असत्या. त्यानं आधी बाहेर येऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग वाकून जुन्या टायरवर नख दाबलं. नख आत गेलं नाही.

"दगड झालाय, मावशी. खाचा शाबूत आहेत कारण गाडी चाललीच नाही. रबर बसूनबसूनही म्हातारं होतं. या कडेच्या भेगा बघा."

बसूनबसून म्हातारं होतं हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं.

दुकानदारानं एकेक टायर पुढे लोटला. पहिला रोजच्या वापराचा, कडक, वर्षानुवर्षं झिजणार नाही असा. दुसरा रुंद, मऊ, काळाकुट्ट. शर्यतीच्या पट्ट्यावरच्या टायरांचा भाऊबंद, असं त्यानं कौतुकानं सांगितलं. मुलाचे डोळे चमकले.

"आई, हाच. याची पकड बघ. गोचीड आहे गोचीड."

"सुटतो कसा?" बाईंनी दुकानदाराला विचारलं.

"सुटत नाही हो सहजासहजी."

"सुटतो तेव्हा कसा सुटतो, ते विचारतेय. सांगून की न सांगता?"

दुकानदारानं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. बाई नीट दिसाव्यात म्हणून असावा. "न सांगता," तो म्हणाला. "शेवटपर्यंत गप्प. मग गेला तर गेलाच. आणि एवढा रुंद टायर या जुन्या चौकटीला झेपायचाही नाही. वळताना सगळा भार खालच्या सांध्यांवर येईल, चाक आतल्या पत्र्याला घासेल."

"मग यातला बोलका कुठला?"

मुलानं लाजून भिंतीकडे पाहिलं. दुकानदार मात्र हसला नाही. त्यानं मागच्या मनोऱ्यातून एक टायर ओढून काढला. अरुंद, उंच कडेचा. मूळ याच मापाच्या गाड्यांसाठी अजून थोडे थोडे बनवतात, म्हणाला. बाहेरून जुना दिसतो, रबर आतून आताचं. "हा हळूहळू सुटतो. आधी कुरकुरतो, मग ओरडतो, मग सरकतो. पकड त्या गोचिडीएवढी नाही, हे आधीच सांगतो."

बाईंनी गुडघा टेकून त्यावर बोटांची हाडं वाजवली, माठ घेताना वाजवतात तशी. मग नख दाबलं. नख आत गेलं आणि रबरानं ते हळूच परत ढकललं.

"चार द्या," त्या म्हणाल्या.

इथपर्यंत सगळं ठीक झालं. पुढची चूक बाईंसारखी बाईच करू जाणे. दुकानातून आणलेलं कोरं कापडही त्या धुतल्याशिवाय अंगाला लावू देत नसत. नवी वस्तू म्हणजे दहा हात लागलेली वस्तू. तेव्हा टायर बसवून गाडी घरी आल्यावर त्यांनी ते धुतले, पुसले, आणि लादीला लावायचं मेणाचं पॉलिश घेऊन चकाचक केले. कडा तर केल्याच, पण जमिनीला टेकतो तो भागही सोडला नाही. अर्धवट काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. शेडमध्ये चारी चाकं आरशासारखी झळकायला लागली तेव्हा त्या खोलीत गेल्या.

"अहो, गाडीला टायर घातलेत. बोलके आहेत म्हणे. ऐकायचेत का?"

उस्तादांनी तोंड त्यांच्याकडे वळवलं. मग त्यांनी हात पुढे केला, आणि बाईंनी तो धरला. शेडपर्यंत ते सावकाश आले, दार चाचपडून वाटाड्याच्या जागेवर बसले. बाईंची छाती अशी धडधडत होती, जशी लग्नातही धडधडली नव्हती. लग्नात नवरा बघायचा होता. इथे तो परत मिळायचा होता.

गल्लीच्या तोंडाशी पहिलंच वळण. गाडी वळली नाही. हू की चू न करता, लोण्यावरून सुरी जावी तशी आडवी सरकली आणि मागचं चाक फुटपाथच्या दगडाला जाऊन टेकलं. लागलं कुणाला नाही, मोडलं काही नाही. उस्तादांचा हात मात्र डॅशबोर्डावर घट्ट रुतला होता.

"घरी चल," ते म्हणाले.

शेडमध्ये उतरल्यावर त्यांनी वाकून टायरवरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. बाई वाट बघत राहिल्या. अक्कल गहाण टाकली होती का, असं काहीतरी. एक शिवी तरी. उस्तादांनी रुमालाला बोट पुसलं, भिंतीच्या आधारानं खोलीत गेले आणि खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दुकानदाराला जाऊन सांगितलं. सांगताना मान सरळ होती, नजर मात्र टायरांच्या मनोऱ्यावर. दुकानदार आधी पोट धरून हसला, मग शहाणा झाला. "अहो मावशी, कोऱ्या टायरला मुळातच साच्याचा बुळबुळीतपणा असतो. हळूहळू चालवून तो झिजवायचा. त्यावर तुम्ही मेण चोपडलंत. आता साबणानं घासा, आणि रोज थोडी फिरवा. सावकाश. टायरला आवाज फुटायलाही वेळ लागतो."

बाईंनी कॉलरचा मळ काढायच्या ब्रशनं चारी टायर घासले. आणि मग रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, त्या एकट्याच गाडी काढायला लागल्या. पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर जायचं, वरचं लांब वळण घ्यायचं, आणि परत. उस्तादांना त्यांनी काही सांगितलं नाही. ज्या तोंडानं बोलके म्हणाल्या होत्या त्याच तोंडानं पुन्हा काय सांगायचं?

सुरुवातीला टायर ठार मुके होते. बाई पण हट्टाला पेटलेल्या. व्हॅनमध्ये त्यांना उंच बसायची सवय. इथे रस्ता थेट मांडीखालून जायचा. मग एका सकाळी त्या लांब वळणावर खालून बारीक आवाज आला, ओल्या कापडावर तापली इस्त्री टेकवल्यावर येतो तसा. दुसऱ्या खेपेला बाईंनी जरा जोर केला. कुरकुर झाली. आणखी काही सकाळींनी ती कुरकुर वाढत वाढत लांब, पातळ किंकाळी झाली, आणि बाईंच्या हाताला स्टिअरिंगमधून कळलं, हं, आता इथून पुढे नको.

त्यांनी शेजारी पाहिलं. असं काही झालं की शेजारी पाहायचं असतं ना, ऐकलंत का म्हणून. तिथे रिकामी जागा होती. ज्याच्यासाठी आवाज विकत घेतला तो घरी खुर्चीत, आणि आवाज टेकडीवर. बाईंना रडू आलं नाही. रडणं त्यांनी गिऱ्हाइकांसाठी सोडलं होतं. पण उतरताना त्या इतक्या हळू उतरल्या की मागचा दूधवाला हॉर्न वाजवून पुढे गेला.

त्यानंतरच्या एका सकाळी त्या शेडमध्ये गेल्या तर उस्ताद गाडीला टेकून उभे होते. दाढी केलेली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली.

"दुसऱ्या गिअरमध्ये टाकायला घाई करतेस," ते म्हणाले. "टेकडी काही लांब नाही. खिडकीत ऐकू येतं."

बाई त्यांची बटणं नीट लावत म्हणाल्या, "रोज ऐकताय तर रोज सांगायचं. मुका टायर न् मुका नवरा, दोन्ही माझ्याच नशिबात."

"टायर बोलायला लागला ना?"

"लागला."

"मग चल."

टाकीच्या वळणावर उस्तादांनी डोकं किंचित खिडकीकडे कलवलं. "दाब. अजून. घाबरू नकोस, तो सांगेल." टायर कुरकुरला, मग ओरडला, आणि उस्तादांचं तोंड जणू त्याचीच वाट बघत होतं. नदीकाठची शर्यत, धुकं, पाण्यात गेलेला तो लंबू, सगळं बाहेर पडायला लागलं. बाईंनी सगळं आधी ऐकलं होतं, ताट वाढता वाढता. पण त्या गोष्टींत नेहमी तो वाटाड्या दोस्त शेजारी असायचा, आताही तोच होता. बाई चालवत होत्या आणि ऐकत होत्या, आणि हवं ते मिळूनही आत कुठेतरी टोचत होतं.

"मला का नाही नेलंत कधी?" त्या म्हणाल्या.

बोलणं थांबलं. बाईंना वाटलं, झालं, आपल्याच हातानं नळ बंद केला.

"तू कधी म्हणाली नाहीस," उस्ताद म्हणाले.

सासूचं जेवण, मुलाची शाळा, गिऱ्हाइकांचे ढीग. बाईंकडे उत्तरांची अख्खी चळत तयार होती. त्यांनी ती तशीच बाजूला ठेवली.

"आता म्हणते."

"मग खाली उतरलीस की घराकडे नको वळू. नदीचा रस्ता घे. टेकडी सोडली की उजव्या हाताला मोठा माळ लागेल, तिथे वारा गाडी ढकलतो, स्टिअरिंग घट्ट धर."

बाईंनी तो रस्ता घेतला. उजव्या हाताला पाहिलं.

"माळ नाही राहिला," त्या म्हणाल्या. "इमारती झाल्यात."

"उंच?"

"चांगल्या उंच. बाल्कन्यांत कपडे वाळतायत. पिळायची अक्कल नाही एकालाही, पाणी गळतंय."

काच खाली करून उस्तादांनी हात बाहेर काढला, बोटं पसरली.

"म्हणून वारा नाही," ते म्हणाले. "पुढे काय दिसतंय ते सांगत जा."

बाई सांगायला लागल्या.