मासेले कुठे गेला

मिन्झाच्या शिलाई मशीनसमोरून जाताना पोटुशी बाई हमखास झग्याच्या गळ्याची कड पुढे ओढायची आणि आपल्याच छातीवर थुंकायची. असं केलं नाही तर आपल्यालाही असलंच पोर होतं, अशी सगळ्या बाजाराची खात्री होती. असलं म्हणजे मिन्झासारखं. काळ्या आईबापांच्या पोटी जन्मून सायीच्या रंगाचं, पिवळट केसांचं, उन्हात डोळे न उघडणारं. लोक त्यांना झेरू म्हणायचे, म्हणजे भूत. तोंडावर म्हणायचे आणि वर हसायचे. मिन्झा रुंद टोपी खाली ओढून मशीन चालवत राहायची. थुंकणाऱ्यांचे झगेही तीच शिवायची, आणि तिच्या शिलाईला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती.

थुंकीचं काय, ती वाळते. मिन्झाची झोप उडवणारी गोष्ट निराळी होती. झेरू मरत नाहीत, एक दिवस विरून जातात, असं सगळं गाव मानायचं. "पाहिलीय का कुणी त्यांची कबर?" असं कुणी विचारलं की वाद मिटायचा, कारण खरंच कुणी पाहिली नव्हती.

तिचा धाकटा भाऊ मासेलेही तिच्यासारखाच. कापूसवेचणीच्या दिवसांत त्याच्या मानेवर उन्हाने जखम झाली, ती चिघळत गेली आणि त्यातच तो गेला. आई कबुलाने हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तर मामा जिलालाने त्यावर हातच दाबला.

"गप्प, कबुला! आवाज केलास तर पोरगं जमिनीतही राहायचं नाही."

त्याचं चूक नव्हतं. असल्यांची हाडं वैदू मागतात. जाळ्याला तुकडा बांधला की सरोवरातले मासे आपणहून येतात म्हणे. मेल्या मुडद्यालाही सुख नाही. मग तिघांनी आतली खोली खणली, मासेलेला निजवलं, वर सिमेंट ओतलं आणि त्यावर आईची खाट ओढली. "झाकली मूठ," मामा म्हणाला आणि हात धुऊन निघून गेला.

हंबरडा नाही म्हणून कुणी दुखवट्याला बसायला आलं नाही, अंगणात पुरुषांची शेकोटी पेटली नाही, शेजारणींनी यांच्यासाठी चूल पेटवली नाही. मासेले दिसेना, तेव्हा गावाने आपलं ठरवून टाकलं की विरला. आजवर कबुलाला सगळे 'मासेलेची आई' म्हणायचे, ते 'मिन्झाची आई' म्हणू लागले, जणू तो पोरगा कधी झालाच नव्हता. कबुला मुकाट ओ द्यायची. जेवताना मात्र ती आपली थाळी खाटेपाशी न्यायची आणि खाली वाकून म्हणायची, "आज मासा आहे रे, तुझ्या आवडीचा."

मिन्झाला ते ऐकवत नसे. त्याहून वाईट म्हणजे आताशा तिलाच शंका यायची. आपण त्याला खरंच पुरलं ना? मग ती खाटेखाली हात घालून गार सिमेंट चाचपायची. बाजारात एक गिऱ्हाईक अगदी मायेने म्हणाली होती, "जाशील तेव्हा आधी सांग गं बाई. माझा झगा अर्धवट राहायला नको."

शेजारची मिलेंबे छातीवर थुंकण्यात सगळ्यांच्या पुढे. नऊ महिने तिने एक दिवस चुकवला नाही. आणि तिलाच तसं पोर झालं.

त्या दुपारी ती बाळाला कापडात झाकून मिन्झाच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"मिन्झा, खरं सांग. किती दिवस राहतात?"

"कोण?"

"तुम्ही. असले. हा किती दिवस राहील?"

बाळ रडत होतं, पण त्या रडण्यात त्राण नव्हतं. मिन्झाने कापड बाजूला केलं. ओठ सुकले होते.

"पाजलं नाहीस याला?"

"दूध दाटलंय गं, दुखतंय. पण सासू म्हणते, जाणाऱ्याला पाजून जीव कशाला लावतेस? साखरेचं पाणी देतेय चमच्याने."

"अगं वेडे, आम्ही विरत नाही! जगतो, म्हातारे होतो आणि मरतो. तुमच्यासारखेच."

"मग मासेले कुठे गेला?"

सांगावं तर भाऊ उघड्यावर पडणार. न सांगावं तर हे पोर आजउद्या सुकून जाणार, आणि गाव म्हणणार, बघा, विरलं. मिन्झाने आईकडे पाहिलं. कबुला आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. ती उठली, तिने खाटेचा एक पाय धरला.

"धर गं त्या बाजूने," ती म्हणाली.

खाट सरकली. मिन्झाने मिलेंबेला आत ओढून तिचा हात त्या सिमेंटवर ठेवला. "इथे आहे. माझा भाऊ. दाढी फुटायला लागली होती त्याला."

मिलेंबेने हात काढला नाही. तिने त्या जमिनीकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. मग कबुलाच्या पोटातून तो हंबरडा निघाला, जो मामाने दाबून ठेवला होता.

तो आवाज ऐकला की आमच्याकडे उकळतं भांडंही तसंच सोडून धावायचं असतं. सगळे धावत आले. अंगण भरलं, खोली भरली.

"कोण गेलं? कोण?"

"माझा मासेले गेला," कबुला म्हणाली. "माझा मासेले मेला हो!"

मग एक म्हातारी पुढे झाली, खाली बसली, तिने कबुलाचं डोकं मांडीवर घेतलं. "रड, मासेलेच्या आई, रड," ती म्हणाली, आणि सगळ्या बायांनी गळा काढला. कोपऱ्यात मिलेंबे झग्याची बटणं सोडून बाळाला पाजत होती. मिन्झाला इतकं बरं वाटलं की तीही मोकळेपणाने रडू लागली.

रडता रडताच तिला तो आवाज आला. ठक. ठक. कुणीतरी टाचेने सिमेंट वाजवून पाहत होतं, किती जाड आहे ते.

तिने मान वर केली. सिमेंटभोवती पायच पाय होते, कोळ्यांचे, शेजाऱ्यांचे, नात्यातले. सगळे स्थिर होते आणि सगळ्यांचे चेहरे रडवेले होते. मासेले कुठे गेला, हे आता गावाला कळलं होतं.