ज्वारीचा परागकण

परागकणाच्या प्रश्नाला गुरुपादप्पा सरांच्या वर्गात चौदा वर्षांत एकाचाही मार्क कापला गेला नव्हता, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगायला सर कधी विसरत नसत. फळ्यावरची आकृती ठरलेली: एक मोठी पेशी, तिच्या पोटात लहान जनन पेशी. एकूण दोन. पोरं डोळे मिटून काढायची.

लातूर जिल्हा होऊन सहा महिने झाले होते. कचेऱ्यांवर नवे बोर्ड लागले, पाऊस तेवढा इकडे बदली करून घ्यायला तयार नव्हता. प्रात्यक्षिक परीक्षेला दरवर्षी ज्याची फुलं लागत, तो कॉलेजमागचा धोतराही वाळला. मग शिपाई दगडोबाने विहिरीवर चाऱ्यासाठी पेरलेल्या ज्वारीची फुलोऱ्यातली कणसं आणली. फुलाशी मतलब, म्हणून सरांनी परागकण काचेवर घेतले, लाल रंग टाकला आणि न बघताच परीक्षकांना उत्तर लिहून दिलं: दोन.

एकवीस जणांनी दोन पेशी काढल्या, पंचशीलाने तीन. नांदेडहून आलेल्या परीक्षकांनी तिच्या आकृतीवर काट मारली आणि ही तिसरी कुठून आणलीस, असं विचारलं.

"दोन ठिपके गडद हायत सर, जुळ्यावाणी. मोठ्या पेशीचा तिसराच हाय, फिका. दिसलं ते काढलं."

सरांना आधी रागच आला. तिला गप्प करायला म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन गडद, एक फिका. धोतऱ्यात दोनच पेशी असतात, पण ज्वारीचा परागकण झडण्याआधीच जनन पेशीच्या दोन नरपेशी झालेल्या असतात, हे त्यांनी कधीतरी वाचलं होतं, बघितलं नव्हतं. गप्प बसलं तर पोरीचे पाच मार्क जाणार आणि त्यांचं नाव शाबूत राहणार. परीक्षकांना एसटीची घाई होतीच. सरांना स्वतःची लाज वाटली.

"तीनच आहेत," ते म्हणाले. "चूक माझी. मी न बघता लिहिलं."

परीक्षकांनी पंचशीलाला मार्क दिले आणि, भला माणूस, बाकीच्यांनाही पुन्हा बघून सांगायची मुभा दिली. रांग लागली. एकेक जण वाकून डोळा लावायचा आणि तीन म्हणायचा. एकवीसच्या एकवीस. सरांना बरं वाटलं. नाव गेलं तरी पोरं बघायला शिकली.

परीक्षक गेल्यावर पुन्हा एकदा पाहावं म्हणून ते वाकले. आत मिट्ट अंधार. उजेड वर पाठवणारा खालचा आरसा कलंडला होता. हे कधी झालं, असं त्यांनी दगडोबाला विचारलं.

"रांगेतल्या पयल्याच पोराचा कोपर लागला, सर. म्या नीट कराया गेलो, तर म्हनला, ऱ्हाऊ दे, उत्तर ठावं हाय."