समोर कुणी नव्हतं

मागून मोटारसायकलचा आवाज आला, तशी संस्कृतीनं छकुलीला रस्त्याच्या कडेला घेतलं आणि स्वतः मधल्या बाजूला आली. आवाज ओळखीचा होता. साडेपाचच्या एसटीतून निरवांगीच्या फाट्यावर उतरलं, की वस्तीपर्यंतच्या दोन किलोमीटरांत तो एकदा तरी यायचाच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. पहिल्या आठवड्यात नुसता हॉर्न, मग गाडी हळू करणं, मग नाव विचारणं. नाव तो गाडीवाला छकुलीचंच विचारायचा, आणि छकुली आठवीत होती.

"मागं बघू नका," संस्कृती म्हणाली.

"आमी कशाला भ्यावं?" दहावीतली स्वरूपा कुजबुजली. "तू हायस की, ताई."

हे ऐकलं की संस्कृतीला धास्तीच वाटायची. चार महिन्यांपूर्वी तिला ज्युदोत जिल्ह्याचं सुवर्णपदक मिळालं आणि आजोबांनी, आप्पासाहेबांनी, चौकात फ्लेक्स लावला. पांढऱ्या पोशाखातली संस्कृती, मुठी आवळलेली, खाली शुभेच्छुकांचे पंधरा फोटो. त्या दिवसापासून वस्तीवरच्या आया निर्धास्त झाल्या. 'संस्कृतीसंगं जा, मग घोर न्हाय.' अकरावीतल्या पोरीच्या गळ्यात अशी दोन पोरींची राखण पडली.

खरं काय ते तिला ठाऊक होतं. तिच्या वजनी गटात दोनच नावं होती आणि दुसरी मुलगी आलीच नव्हती. पंचांनी रिकाम्या मॅटकडं बघून हिचा हात वर केला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. सात महिन्यांच्या क्लासात तिला धड एकच गोष्ट जमली होती, ती म्हणजे पडणं. सरांना त्याचं वेडच होतं. हनुवटी छातीला, हात जमिनीवर सपाट आपटायचा, लगेच उठायचं. रोज शंभरदा. आता पडता येणं ही काय मिरवायची गोष्ट आहे?

घरी सांगावं, तर सोनल आठवायची. शेजारच्या सोनलनं दोन वर्षांपूर्वी असंच कुणीतरी मागं येतं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचं दप्तर माळ्यावर गेलं आणि सहा महिन्यांत ती बोहल्यावर चढली. आता सांगितलं तर एक नाही, तीन दप्तरं माळ्यावर जाणार होती. म्हणून संस्कृती गप्प होती, आणि रात्री कूस बदलत पडत होती.

आज मोटारसायकल पुढं जाऊन आडवी थांबली. तो खाली उतरला. पंचविशीचा असेल. त्यानं सरळ येऊन छकुलीच्या दप्तराचा पट्टा धरला.

"चल, सोडतो घरी."

संस्कृती मध्ये शिरली आणि त्याचा हात पट्ट्यावरून ओढून काढला. कसा काढला, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"हीच का ती फ्लेक्सवरची पैलवान?" तो हसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तिला ढकललं.

ती मागं मुरमावर पडली. हनुवटी छातीला, हात सपाट. उठली. छकुली आणि स्वरूपा तिच्या पाठीमागं होत्या, म्हणून ती तिथंच उभी राहिली.

त्यानं पुन्हा ढकललं. पुन्हा ती पडली, पुन्हा उठली. कोपराला ओलसर लागलं. आता तो हसत नव्हता. पडलेली पोर रडते, पळते, आई-आई करते, एवढंच त्याला माहीत असावं. त्यानं एकदा उसाकडं पाहिलं, एकदा रस्त्याकडं, आणि तिसऱ्यांदा हात पुढं केले. या खेपेला त्याची कॉलर आणि बाही संस्कृतीच्या मुठीत होती. ती पडली ती त्याला घेऊनच. तिला पडता येत होतं, त्याला येत नव्हतं. त्याचं मनगट त्याच्याच अंगाखाली सापडलं आणि तो गुरासारखा ओरडला.

तेवढ्यात फाट्याकडून वस्तीवरच्या दत्तोबाचा ट्रॅक्टर आला. त्या माणसानं एका हातानं कशीबशी मोटारसायकल उचलली आणि निघून गेला. दत्तोबानं पोरींना घ्यायला ट्रॅक्टर थांबवला, पण संस्कृती कडेला बसून ओकत होती. तिनं हातानंच पुढं व्हायला सांगितलं. त्यामुळं त्या पोचायच्या आत बातमी वस्तीवर पोचली.

दिवेलागणीला छकुलीची आई सारजा लेकीचा हात धरून अंगणात आली. आप्पासाहेब बाजेवर बसले होते. संस्कृतीच्या कोपराला हळद लावलेली होती.

"दत्तोबानं गाडीचा नंबर घेतलाय," आप्पासाहेब म्हणाले. "सकाळी ठाण्यात जातो. त्याचं मी बघतो."

"ते बघा वो आप्पा. पर पोरींचं काय?" सारजा म्हणाली. "तरी बरं, संस्कृती हुती. येवढी जिल्ह्यात पयली आलेली पोर..."

"न्हाय आले मी पयली," संस्कृती म्हणाली.

आता थांबणं शक्य नव्हतं. "समोरची पोरगी आलीच नव्हती. मी कुणाशी खेळलेच न्हाय. ते पदक फुकटचं हाय, आप्पा."

आप्पासाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हायती हाय मला. मी हुतो की तितं. भिंतीवर निकालाचा कागूद लावला हुता, वाचला."

"मग फ्लेक्स?"

"जवारीत बुजगावणं उभं करतो, तवा त्याला दगूड मारता येतो का, आसं कोण इचारतं?"

संस्कृती बघतच राहिली. चार महिने तिच्या डोळ्याला डोळा नव्हता, आणि हा माणूस रोज तिच्यासमोर बसून निवांत भाकरी कुस्करत होता! तिला राग आला आणि रडूही.

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं आसतं, तर त्या पोरींच्या पुढं चालली आसतीस का?"

सारजा एकदा आजोबांकडं, एकदा नातीकडं बघत होती.

"म्हंजे हिला काय येतच न्हाय?"

"येतं की," छकुली म्हणाली. संध्याकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "तीनदा पडली, तीनदा उठली. मी मोजलं."

सारजानं लेकीला जवळ ओढलं. "मग सांगा आप्पा, उद्या पोरगी धाडू का नको?"

आप्पासाहेब न विचारताही सल्ला देणारा माणूस. वस्तीवर कुणाची म्हैस आटली तरी बोलल्याशिवाय राहायचे नाहीत. पण आज त्यांनी मान वळवून संस्कृतीकडं पाहिलं. सारजानंही पाहिलं.

संस्कृतीला उद्याचा रस्ता दिसला, तो ऊस दिसला.

"मला लई भ्या वाटलं, काकी," ती म्हणाली. "उद्या बी वाटंल."

मग छकुलीच्या पायांकडं बघत म्हणाली, "सकाळी साताला धाडा तिला. आन् चपलेत पळता येत न्हाय, बूट घाल म्हणावं."