एकाच ठशाची बाई

मी गावोगाव गाणी गात त्यांचे छापील कागद विकतो. आमचा छापखानेवाला महाकंजूष. त्याच्याकडे बाईच्या चित्राचा लाकडी ठसा एकच. गाणं कुणाही बाईचं असो, कागदावर तीच उंच टोपी आणि तेच वाकडं नाक.

इंग्लंडातल्या लडलो गावच्या बाजारात मी कजाग बायकोचं गाणं गात कागद विकत होतो, तेवढ्यात गुत्तेवाली अर्सुला गर्दीतून पुढे आली.

"मेल्या, ही टोपी माझी, हे नाक माझं. मी काय तुझं घोडं मारलंय?"

लोक खिदळायला लागले. मी घाईघाईनं झोळीतून दुसरं गाणं काढलं, नवऱ्यासाठी जीव देणाऱ्या बायकोचं. "अहो बाई, हेही तुमचंच चित्र की."

अर्सुला विरघळली. तिनं बारा कागद घेतले आणि गुत्त्याच्या भिंतीवर ओळीनं डकवले. येईल त्याला सांगू लागली, "ही मीच. लंडनात छापलंय."

पुढच्या शनिवारी मी नवं गाणं आणलं, नवऱ्याला विष घालणाऱ्या बाईचं. ठसा अर्थातच तोच. पहिला कागद अर्सुलाच्या नवऱ्यानं, हंफ्रीनं, गुपचूप घेतला.

तेव्हापासून बायकोनं आधी एक घोट घेतल्याशिवाय तो बियरच्या पेल्याला तोंड लावत नाही.