टाकीच्या थांब्यावरचा दुसरा प्रवासी

आमच्या ऑफिसात लाइव्ह सर्व्हरचा कन्सोल एकट्याने उघडायचा नाही, असा दंडक आहे. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने शेजारी हात मांडीखाली घालून बसायचं. हात मांडीखाली अशासाठी, की मोह होऊ नये. लिहिलेली ओळ दुसऱ्याने मोठ्याने वाचायची, 'हो' म्हणायचं, मगच एंटर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, शपथविधी चाललाय.

कन्सोल म्हणजे एक काळी खिडकी. सर्व्हर लांबच्या कुठल्याशा थंडगार खोलीत असतो. आमच्यापैकी कोणी तो पाहिलेला नाही. इथे लिहिलं की तिथे घडतं. मध्ये कोणी 'नक्की ना?' असं विचारत नाही. माझी आई चहात साखर घालतानाही विचारते. एवढा विश्वास माझ्यावर घरात कोणी टाकलेला नाही, आणि टाकूही नये.

कंपनीचं काम म्हणजे रुग्णांना डायलिसिसला नेणाऱ्या-आणणाऱ्या व्हॅन. त्या दुपारचं काम किरकोळ होतं. एका ड्रायव्हरकाकांची तक्रार आली होती: पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर स्क्रीन दोन प्रवासी दाखवते, येतात एकट्या शिलाईवाल्या मावशी. दुसऱ्याची वाट बघून जीव जातो. साहेबांचा निरोप आला, तो दुसरा प्रवासी काढून टाका.

माझ्या शेजारी आजोबा बसला होता. आजोबा माझ्याहून जेमतेम मोठा. पण लिफ्टमध्ये शिरण्याआधी जिना कुठे आहे ते बघून ठेवतो, म्हणून आजोबा. नाव आदराचं, बाकी सगळं अरेतुरे.

मी प्रवासी शोधला. नाव: 'असेल कोणीतरी'. आजार: 'आहे'. नोंद करणारा: आजोबा.

"वाच की," मी म्हणालो.

"मला दिसतंय," तो म्हणाला. हात मांडीखालीच.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्या थांब्यावर एकच प्रवासी उरतो, तो थांबा त्याच संध्याकाळी आपोआप कायमचा बंद होतो. हा नियम आम्हीच लिहिलाय आणि तो उत्तम चालतो. मावशींबरोबर एक गृहस्थ चढायचे, ते घर बदलून गेले. थांबा बंद झाला असता तर मावशींना मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंतचा चढ चढावा लागला असता, आणि डायलिसिसहून परत येताना त्यांना घराचा उंबराही जड जातो. आजोबाने साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी मनापासून ऐकून घेतलं आणि समिती नेमली. समितीला खोली मिळाली आहे, माणसं मिळायची आहेत. शेवटी आजोबाने एकट्याने कन्सोल उघडला. पण दंडक मोडवेना. म्हणून या खुर्चीत बसून ओळ लिहिली, त्या खुर्चीत जाऊन हात मांडीखाली घालून मोठ्याने वाचली, 'हो' म्हणाला, आणि परत येऊन एंटर दाबलं.

मला हसू आलं, पण पुरतं आलं नाही.

काढून टाकायची ओळ लिहून तयार होती. एंटर दाबलं असतं तर साहेबांचं ऐकलं, काकांचं ऐकलं, नियम पाळला. चूक कुणाचीच नाही, आणि उद्या मावशी त्या चढावर. स्क्रीनवर मावशी ही एक ओळ होती आणि 'असेल कोणीतरी' ही दुसरी. यंत्राला दोघांत काही फरक दिसत नव्हता. फरक दिसायचाच तर तो या दोन खुर्च्यांवरून.

मी ड्रायव्हरकाकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, तक्रार मागे घेतो, थांबेन मी. पण साहेबांचा हुकूम होताच. प्रवासी निघायलाच हवा होता.

"काका, टाकीपाशी मावशींशिवाय न चुकता कोण येतं?"

"कोण येणार? मीच येतो."

"तेच म्हणतोय."

काकांना उलगडायला जरा वेळ लागला.

"म्हणजे माझी वाट मीच बघायची?"

"फार वेळ लागणार नाही."

आजाराचा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून विचारलं. गुडघा, म्हणाले. आजोबाने आधी 'असेल कोणीतरी' काढायची ओळ वाचली. नेहमीपेक्षा सावकाश, एखाद्याला निरोप द्यावा तशी. मग काकांना प्रवासी म्हणून घालायची वाचली. दोन्हींना 'हो' म्हणाला. साहेबांना कळवलं, गैरहजर प्रवासी काढला, त्या थांब्यावर नवीन आलाय. मागणी वाढतेय म्हणून ते खूश झाले.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर काय झालं ते काकांनी नंतर फोनवर सांगितलं. स्क्रीन विचारत होती, दुसरा प्रवासी चढला का? आता खोटं कशाला, म्हणून काका खाली उतरले, मावशींना हात दिला आणि त्यांच्या मागून प्रवाशांच्या दारानेच आत चढले. मावशींनी बसताच खिडकीजवळ ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती जागा त्या दर खेपेला दुसऱ्या माणसासाठी धरून ठेवत होत्या, हे काकांना तेव्हा कळलं.

"बसा तुम्ही," मावशी म्हणाल्या. "दर खेपेला रिकामीच जाते."

काका बसले. खिडकीतून जरा वेळ टाकीकडे बघितलं. मग गाडी कोण चालवणार हे आठवलं आणि उठून पुढे गेले.